तळटीप क्रमांक सात

अभिलेखागारात मे महिन्यात कूलर लावतात,
पण त्यात पाणी टाकत नाहीत,
कागद दमटतात म्हणून.
उईकेबाई पेन काढून घेतात, पेन्सिल देतात,
आणि 'कारण' या रकान्यात
'घरगुती' चालत नाही म्हणतात.
मी 'संशोधन' लिहिते.

बस्ता एकशे बारा.
कामठी छावणी, लष्करी जमिनींची नोंदवही.
वाळवीनं चाळिसाव्या पानावर खोदलेलं तळं
पानागणिक आटत आटत
साठाव्या पानावर टाचणीच्या टोकाएवढं उरतं.
एकसष्टावर तो आहे.
तिरप्या इंग्रजी अक्षरात, शाई विटकरी झालेली:

बोमना, शिपाई, पेन्शनीत.
लाइनींच्या मागे, कन्हानच्या अंगाला, पाऊण एकर,
सरकारची मर्जी असेतो.
झोपडी एक. विहीर नाही.
चिंचेचं झाड क्रमांक एकतीस, सरकारी.
बायको एक.

याआधी तो मला पेन्शनच्या यादीत
बोमण म्हणून सापडला होता,
भाडेवहीत बोमनजी.
त्या दिवशी चहा येईपर्यंत मी पारशी होते.
आम्ही आज बोमनवार. हा 'वार' कधी चिकटला
त्याचा कागद अजून मिळालेला नाही.

नियम साधा आहे:
जसं लिहिलंय तसंच उतरवायचं, सुधारायचं नाही.
खातं, बस्ता, पान, पाहिल्याची तारीख.
उद्या कुणी अनोळखी आला
तर त्याचं बोट याच ओळीवर पडलं पाहिजे.
मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला,
अक्षांश-रेखांश म्हणजे काय ते मला कळतं.

शेवटचा रकाना शेऱ्याचा:
मृत. जागा परत घेतली. चार मार्च.
साल समासातून कुरतडलेलं.
मी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकते
आणि पेन्सिलीला टोक करायला उठते,
जरा जास्तच वेळ करते.

रविवारी गेले होते तिकडे.
काटेरी तार, पिवळी पाटी, संरक्षण खात्याची जमीन.
पहाऱ्यावरचा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
हिंदीत म्हणाला, क्या चाहिए माताजी?
मी म्हटलं, इमली.
तो हसला. मग बंदूक सावरून खरंच
इकडे तिकडे पाहू लागला.

गड्डीगोदामला लचमाआत्या
परातीत चिंचोके काढत बसली होती.
वाचून दाखवलं.
'बायको एक' ऐकल्यावर तिचा हात थांबला.
'पोचम्मा होतं नं तिचं नाव. काहून लिहत नाहीस?'
पुरावा नाही, आत्या.
'मी हाये नं.'
मग म्हणाली, 'जागा खाली कर म्हणून शिपाई आला,
तं पोचम्मा रातभर झाड झोडपत होती.
पिकली, कच्ची, सारी चिंच उतरवली.
सरकारले काहून ठेवू म्हणे.
गाठोडं डोक्यावर घेऊन पायी आली नागपूरले.
थ्याच चिंचेवर पहिलं दुकान लावलं.'
तुला कोणी सांगितलं?
'माह्या आजीनं. थे गाठोड्याच्या मागं चालत होती,
पाच वर्साची.'

घरी येऊन सातवी तळटीप पुरी केली:
बस्ता एकशे बारा, पान एकसष्ट,
बोमना [बोमण, बोमनजी], बायको एक.
मग आठवी घातली.
लचमा बोमनवार, वय सत्त्याऐंशी, तोंडी,
आजीकडून ऐकलेलं.
ठिकाण: गड्डीगोदाम, स्वयंपाकघर, मोरीजवळचा पाट.
बस्ता: नाही. पान: नाही.
झाडाच्या क्रमांकासाठी पाहा, तळटीप सात.
उपलब्धता: रोज, दुपारची झोप झाल्यावर,
जरा मोठ्यानं विचारावं.